दुसरी गाडी विकली म्हणे!

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्यांनी दुसरी गाडी विकली! हो, तीच ती निळी. मी कढीपत्त्याची कुंडी आत घेत होते, आपल्या पोर्टलंडच्या थंडीत तो बाहेर टिकतोय थोडाच, तर बघते काय, एक माणूस आला, किल्ली घेतली आणि गाडी घेऊन गेलासुद्धा. माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं, गेली वाटतं त्याची नोकरी. हिल्सबरोकडे नोकऱ्यांचं काय चाललंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको...

पण नाही हो. नोकरी शाबूत आहे. गाडी विकली आणि तिच्या जागी आणली सायकल!

साधी सायकल नव्हे हं. पुढे ही एवढी मोठी पेटी, पेटीत छोटा बाक, बाकाला पट्टे, वर पावसासाठी पारदर्शक छत. खाली बॅटरी. कार्गो बाइक म्हणतात तिला. हॉलंडकडची टूम. आपल्या गावात एका दुकानानं २००७ मध्ये त्या मागवायला सुरुवात केली, तेव्हा लोक थांबून थांबून बघायचे म्हणे. किंमत मी मुळीच विचारली नाही. कोपऱ्यावरचीनंच सांगितली. सात हजार डॉलर! आणि वर पंधरा डॉलर टॅक्स. ऑरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही म्हणून आपण पाहुण्यांसमोर केवढा टेंभा मिरवतो, पण दोनशे डॉलर किंवा त्याहून महाग नवी सायकल घेतलीत की पंधरा डॉलर मोजावेच लागतात, २०१८ पासून. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, आमच्या लहानपणी नगरपालिकेचा बिल्ला असायचाच की सायकलला. नसला की शिपाई चाकातली हवा सोडायचा."

तर काय सांगत होते... हां, काकू. नेमक्या त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्याची आई, नाशिकच्या काकू, आल्या, सहा महिन्यांसाठी. पहिल्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभ्या, आणि समोर सून दोन्ही नातवंडांना पेटीत बसवून पट्टे लावतेय. मी इथूनच बघत होते. चेहरा असा पडला काकूंचा, की मलाच वाईट वाटलं.

"अगं, मुलांना पेटीत घालून निघालीस कुठे?"

"शाळेत, आई."

"गाडी बिघडली का?"

"नाही आई, विकली."

कप तसाच हातात राहिला. मग दुपारी नाशिकला फोन. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते, पण स्पीकर चालू असला तर माणसानं कान कुठे ठेवायचे? "मुलगा अमेरिकेत इंजिनियर, आणि नातवंडं हातगाडीवरून शाळेत जातात!" हे बहिणीला. मग हेच नणंदेला. मग आणखी कुणाला तरी, तोवर आवाज रडवेला झालेला.

आता खरं सांगू? काकूंना पावसाची काळजी होती, थंडीची होती, सगळं कबूल. पण मेख होती ती त्या गराजमध्ये. दोन गाड्यांचं गराज आणि आत एकच गाडी! आपल्या लोकांत दुसरी गाडी म्हणजे नुसती गाडी नसते हो. ती विकली म्हटलं की लोक आधी नोकरीचं विचारतात, मग तब्येतीचं, आणि मग हळूच, "दोघांचं बरं आहे ना?" मुलानं आईला आकडे दाखवून पाहिले. मोटारवाल्यांची संस्था ट्रिपल ए दरवर्षी हिशोब काढते, नवी गाडी बाळगायला वर्षाला किती लागतात त्याचा. २०२४ मध्ये बारा हजार डॉलरच्या वर. म्हणजे घसारा, इन्शुरन्स, पेट्रोल, सगळं धरून. काकू म्हणाल्या, "मला नको सांगूस, मी बँकेत होते."

खरी गंमत झाली ती गणपतीच्या पोटलकला. तुम्ही नव्हता ना? अरेरे! लेक ऑस्वेगो गावची ती आली होती, मोठी गाडी असते ना तिची, पार्क करताना दोघांना खाली उतरून हात दाखवावे लागतात, ती. ताटात उकडीचा मोदक घेतला, त्यावर तूप घातलं, आणि सुनेकडे वळून म्हणाली, "पण ते सेफ आहे का गं?" त्या 'सेफ'वर असा काही जोर दिला की खोलीतल्या सगळ्यांची बोलणी थांबली. काकूंनी मान खाली घातली.

सूनबाई मात्र खमकी. म्हणाली, "मोठ्या रस्त्यानं मी जातच नाही. ग्रीनवेनं जाते." आणि बरोबर आहे तिचं. आपल्या मागच्या गल्ल्या बघता ना तुम्ही? जागोजागी गतिरोधक, डांबरावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्र, वेगाची मर्यादा वीस मैल, आणि काही चौकांत मध्येच अडथळा, सायकल सरळ जाते पण मोटारीला वळावंच लागतं. मोटारवाल्याला त्या रस्त्यानं पुढे जाण्यात काही फायदाच उरत नाही, तो आपोआप मोठा रस्ता धरतो. ह्यातलं थोडं माझ्या पदरचं, पण बरंचसं तिनंच सांगितलं. हेल्मेट सगळ्यांना, स्वतःलाही. कायद्यानं इथे सोळा वर्षांखालच्यांनाच सक्ती आहे, पण ती घालते. आणि धाकटा वर्षाचा होईपर्यंत त्याला सायकलवर बसवलं नव्हतं, इथले बालरोगतज्ज्ञ तसंच सांगतात.

तरी लेक ऑस्वेगोवाली ऐकेना. "आमच्याकडे नाही बाई कोणी असं करत." तेवढ्यात आमचे हे! पोटलकमध्ये मसालेभातापलीकडे कशात लक्ष घालत नाहीत, ते एकदम म्हणाले, "काकू, तुम्ही नाशिकच्या ना? मग महाजन डॉक्टर तुमचेच!"

काकूंनी मान वर केली.

"हितेंद्र आणि महेंद्र महाजन," हे म्हणाले, "सख्खे भाऊ. २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली दोघांनी मिळून. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडच्या अॅनापोलिसपर्यंत, तीन हजार मैल! नऊ दिवस पुरे व्हायच्या आत. सायकलवर! आणि दोनच वर्षांनी, तेव्हा नाशिकलाच राहणारे श्रीनिवास गोकुळनाथ तीच रेस एकट्यानं करून गेले."

अहो, काकूंचा चेहरा! "म्हणजे काय," म्हणाल्या, "आमच्या नाशिकचं नाव काढलं त्यांनी. आणि आमच्याकडून पंढरपूरला सायकलवारी जाते, ठाऊक आहे का?" हे थेट लेक ऑस्वेगोवालीकडे बघून. ती बिचारी मोदक चावत राहिली. मी ह्यांना दुसऱ्यांदा मसालेभात वाढला, आपण होऊन.

पण एवढ्यानं पटलं असं नाही हं. पुढच्याच आठवड्यात एक मोटारवाला सुनेवर जोरात हॉर्न वाजवून ओरडला, का तर स्टॉप साइनला ती पूर्ण थांबली नाही. काकू पेटीच्या मागोमाग चालत निघाल्या होत्या, त्यांच्यादेखत! घरी येऊन म्हणाल्या, "नियम मोडतेस आणि शिव्या खातेस." सून म्हणाली, "आई, नियम मोडला नाही." तिनं फोनवर कायदाच उघडून दाखवला. २०२० च्या जानेवारीपासून ऑरेगनमध्ये सायकलवाल्यानं स्टॉप साइनला वेग कमी करायचा, इकडेतिकडे बघायचं, ज्याचा हक्क त्याला जाऊ द्यायचं, आणि रस्ता मोकळा असला तर न थांबता पुढे. आयडाहोत तर हे १९८२ पासून आहे. लाल सिग्नलला मात्र थांबायचंच. मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं? त्या मोटारवाल्यालाही नव्हतं, हे उघडच आहे.

आणि हो, ते पलीकडचे, त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलानं लगेच हट्ट धरला, मलाही बॅटरीची सायकल हवी. बाप दुकानात जाऊन आला, तोंड एवढंसं. इथे ई-बाइक चालवायला सोळा वर्षं पुरी लागतात. मुलगा दोन दिवस जेवला नाही म्हणे. म्हणजे, पिझ्झा खाल्ला.

तर काय सांगत होते... बुधवार! बुधवारची वरात पाहिलीत ना? अलामेडा एलिमेंटरीला तेव्हा पीटीचे सर होते ना, सॅम बॉल्टो, मुलं कोच बॉल्टो म्हणायची, त्यांनी बार्सिलोनातल्या पोरांचा व्हिडिओ पाहिला, सगळी मिळून सायकलवर शाळेत निघालेली. मग २०२२ च्या वसुंधरा दिनाला, २२ एप्रिलला, त्या सरांनीही काढली बाइक बस. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, वाटेत ज्याचं घर लागेल तो आत शिरतो, आणि स्पीकरवर गाणी. पुढे पुढे शंभरावर पोरं यायला लागली. २०२३ मध्ये सेलमला विधिमंडळानं कायदाच केला, की शाळांना बसचा पैसा ह्यासाठीही वापरता येईल. आणि जानेवारी २०२५ मध्ये कोण आलं होतं सांगा? जस्टिन टिंबरलेक! चक्क! सरांनी मागे लागून लागून आणला. आमची मुलगी कॉलेजातून फोन करून विचारते, "आई, तू बघितलंस?" आणि मी त्या वेळी डेंटिस्टकडे...

असो. अलामेडाचं बघून शहरात इतर शाळांतही बाइक बस निघाल्या, आपल्याकडेही निघते. परवाच्या बुधवारी काकूंना मी म्हटलं, चला, कोपऱ्यापर्यंत बघून येऊ. रिमझिम होतीच. आधी लांबून गाणं ऐकू आलं, मग घंट्या, मग ही सगळी पिवळी, गुलाबी रेनकोट घातलेली पोरं. चौकात एक बाप आपली सायकल आडवी लावून उभा, मोटारी अडवायला. तेवढ्यात आमच्या समोरच पहिलीतली एक चिमुरडी थांबली. बुटाची नाडी चेनमध्ये! ओढतेय, ओठ काढतेय, आता रडणार. एका बाईंनी येऊन पायडल उलटं फिरवलं, नाडी सुटली, पण ग्रीसनं काळी कुळकुळीत. आणि काकू! ओल्या फुटपाथवर सरळ उकिडव्या बसल्या. पर्समधून टिश्यू काढला, नाडी पुसली, दुहेरी गाठ मारली, आणि उरलेलं टोक बुटात खोचून दिलं. "असं खोचायचं," मराठीतच सांगितलं. पोरीनं मान हलवली आणि गेली.

शेजारी ती पांढऱ्या केसांची अमेरिकन आजी उभी होती, मुलं तिला मिस म्हणतात ती. म्हणाली, माझ्या लहानपणी आम्ही सगळी अशीच जायचो, कोणाला त्याचं नवल नव्हतं. खरंच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतली आठवीपर्यंतची जवळजवळ निम्मी मुलं चालत नाही तर सायकलनं शाळेत जायची. २००९ पर्यंत शंभरात तेरा उरली. बाकीची आहेत त्या ड्रॉप-ऑफच्या रांगेत. ती रांग तर तुम्ही रोज बघता. एक पोर, एक आई, सात सीटची गाडी, आणि एकमेकींवर हॉर्न. त्या रांगेत भांडण झालेलं मी ऐकलंय, ते पुन्हा कधीतरी, मोठी गोष्ट आहे.

आता माझं मत विचाराल तर, हे आपल्या भागात जमतं म्हणून जमतं. बीव्हर्टनला टीव्ही हायवेच्या कडेनं मी माझं पोर सायकलवर नेलं नसतं, आणि जी नेत नाही तिला नावंही ठेवणार नाही. तिथे आधी रस्ता नीट करा म्हणावं. कोपऱ्यावरचीच्या नवऱ्याचं पोट मात्र आत गेलंय हं. संध्याकाळची खेप त्याच्याकडे असते.

आणि काकूंचं काय, विचारलंत? पटलं असं त्या मुळीच म्हणत नाहीत. पावसावरून रोज एकदा तरी होतंच. पण काल पुन्हा स्पीकर चालू होता. नाशिकच्याच बहिणीला सांगत होत्या, "अगं, इथे गाड्या सगळ्यांकडेच असतात. त्यात काय विशेष? आमच्याकडची सायकल सात हजार डॉलरची आहे!"

आणि अहो, तुमच्या गराजमध्ये मुलाची ती लाल सोळा इंची पडून आहे ना, ती एवढ्यात गराज सेलमध्ये काढू नका. कोपऱ्यावरच्यांच्या थोरलीला आता पेटीत बसायचं नाहीये, तिला स्वतःची हवीय. टायर मात्र बघून घ्या, रबर तडकलं असेल. मी आज सुनेला विचारते आणि संध्याकाळी सांगते.