नाकाखालची सवलत

महासाथीच्या दोन वर्षांत सोलापुरात मास्कमधून कोणाकोणाला सूट होती, याची यादी सरकारने कधी लावली नाही. लावायची गरजही नव्हती. चौकात दहा मिनिटं उभं राहिलं की कळत होतं. तोंडात मावा असणाऱ्याला सूट होती, कारण मग थुंकायचं कुठून? मोबाइलवर बोलणाऱ्याला होती. पलीकडच्याला आपलं तोंड दिसतं अशी आपली जुनी समजूत आहे. माइकसमोर उभ्या राहणाऱ्याला तर होतीच, आणि त्याच्यामागे फोटोत यायला धडपडणाऱ्या पंधराजणांना त्याच्या पुण्याईने मिळायची. लग्नाच्या स्टेजवर सूट, सत्काराच्या शालीखाली सूट, चहाच्या गाड्यावर सूट. उरलेल्यांनी मास्क हनुवटीला अडकवून आपली सूट आपणच मंजूर करून घेतली होती. तोंडावर मास्क असायचा. नाक आणि तोंड तेवढं त्याच्या बाहेर असायचं.

नव्हती ती फक्त ज्यांना खरोखर लागत होती त्यांना.

आधीच सांगून टाकतो, मास्क हे थोतांड होतं असं म्हणणाऱ्या पंगतीतला मी नाही. या शहरातला पहिला रुग्ण एप्रिल २०२० मध्ये सापडला, तोही मेल्यानंतर. पुढे मृत्यूच्या आकड्यांसाठी सोलापूरचं नाव राज्याच्या बातम्यांत येऊ लागलं आणि जुलैत दहा दिवस अख्खं शहर कुलूपबंद झालं. तेव्हा मास्क हवाच होता. उलट ज्याला तो लावता येत नाही, त्याच्यासाठी इतरांच्या तोंडावर तो दुप्पट हवा होता. दम्याच्या माणसाचं, स्वमग्न मुलाचं रक्षण शेजारच्या माणसाच्या मास्कवर अवलंबून, आणि शेजारच्या माणसाचा मास्क हनुवटीवर. हिशेब इथंच बिघडला.

आता नियम करणाऱ्यांनी विचारच केला नाही असं मात्र म्हणू नका. फार बारीक विचार केला. नोव्हेंबर २०२१ मधला राज्याचा आदेश बघा. रुमालाला मास्क मानलं जाणार नाही आणि रुमाल बांधणाऱ्याला दंड होईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दंड ५०० रुपये. टेरी टॉवेल विणणाऱ्या या गावात तोंडाला फडकं बांधायला साथ कशाला लागते? मे महिन्यातलं ऊन आणि बारा महिन्यांची धूळ पुरेशी आहे. पण ते जाऊ द्या. रुमालाचा विचार झाला हे महत्त्वाचं. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोटारीत एकट्याने बसलेल्या माणसाचाही विचार केला आणि त्याची मोटार हे सार्वजनिक ठिकाण आहे असं ठरवलं. जून २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको म्हणून सांगितलं, सहा ते अकरा वयाच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखाली. लस ज्यांना वैद्यकीय कारणाने घेता येत नाही, त्यांच्यासाठीही डॉक्टरच्या दाखल्याची वाट ठेवली होती.

आणि आमच्याच जिल्ह्यात तर एका अख्ख्या मतदारसंघाचा विचार झाला. १७ एप्रिल २०२१ ला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक होती. राज्यभर कडक निर्बंध जाहीर झाले, तेव्हा या मतदारसंघात ते मतदान आटोपल्यावर लागू होतील असं मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. विषाणूनेही आचारसंहिता पाळावी अशी अपेक्षा असावी. सगळ्या पक्षांचे मोठे नेते येऊन गेले, सभा झाल्या, मतदान झालं आणि मग साथ रीतसर सुरू करण्यात आली. म्हणजे सूट देताच येत नव्हती असं नाही. एवढ्या मोठ्या तुकड्याला एका फटक्यात देता येत होती. त्यासाठी फक्त पोटनिवडणूक लागत होती.

दिव्यांगांच्या बाबतीत सरकार सुरुवातीला चक्क वेळेवर धावलं होतं. टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती ब्रेलमध्ये द्या, ध्वनिफितीत द्या, खुणांच्या भाषेत द्या, सांभाळणाऱ्या माणसाला पास द्या. सगळं शहाणपणाचं. त्यात मास्कमधून सूट देण्याचा प्रश्न नव्हता, कारण तेव्हा मास्कची सक्तीच नव्हती. ती एप्रिलपासून सुरू झाली. मग सक्तीच्या आदेशांवर आदेश निघाले, सुधारित निघाले, सुधारितांची शुद्धिपत्रकं निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम आपत्तीत समान संरक्षण द्यायला सांगतं. ते कलम या सगळ्या काळात कपाटात सुरक्षित अंतर राखून होतं.

मार्च २०२१ च्या सुमाराची गोष्ट. बँकेची एक शाखा; नाव सांगत नाही, कोणत्याही शाखेत घडली असती. काउंटरला काच, काचेआड कारकून, कारकुनाच्या तोंडावर मास्क आणि मास्कवर प्लॅस्टिकचं शील्ड. बाहेर पन्नाशीच्या एक बाई. शिवणकाम करणाऱ्या असाव्यात, पिशवीतून कात्रीची मूठ डोकावत होती. लहानपणापासून ऐकू येत नाही, पण समोरच्याचे ओठ वाचून सगळा व्यवहार करणाऱ्या.

"मावशी, केवायसी राहिलंय तुमचं."

बाईंनी कानाकडे बोट केलं, मग ओठांकडे.

"के-वाय-सी! आधारची झेरॉक्स!"

रांगेतून एकजण म्हणाला, "ओ साहेब, त्यांना ऐकायला येत नाही."

"म्हणून तर मोठ्यानं सांगतोय की!"

बाईंनी मास्क खाली ओढायची खूण केली. आतून उत्तर आलं, "नियम आहे मावशी. खाली करता येत नाही." हे उत्तरही मास्कमधूनच आल्यामुळे बाईंपर्यंत पोचलं नाही. लिहून द्या म्हणावं, तर दोरीने बांधलेलं काउंटरचं पेन संसर्गाच्या भीतीने कधीच काढून टाकलेलं. शेवटी रांगेतल्या एका मुलीने मोबाइलवर टाइप करून दाखवलं आणि बाई झेरॉक्स काढायला गेल्या. कारकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. नोटांचं बंडल घेतलं, शील्ड वर केलं, मास्क हनुवटीवर उतरवला, जिभेला अंगठा लावला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. ओठ अगदी स्वच्छ वाचता येत होते.

पारदर्शक खिडकीचा मास्क हा काही अवकाशयानाचा भाग नव्हे. मध्ये चार बोटं प्लॅस्टिक, कडेने शिलाई. सोलापूर शाळांचे गणवेश शिवणाऱ्यांचं गाव. शाळा बंद, गणवेशाला मागणी नाही, काहींनी मास्कही शिवले. तसले शे-दोनशे मास्क शिवून बँकांच्या, दवाखान्यांच्या, रेशन दुकानांच्या खिडक्यांवर दिले असते तर किती कापड लागलं असतं, हे इथला कुठलाही कटिंग मास्तर तोंडी सांगेल. पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर बहिऱ्या माणसाशी बोलायला हवं होतं.

ज्यांच्या कानामागे यंत्र असतं त्यांची तऱ्हा वेगळी. एका कानावर चष्म्याची काडी, श्रवणयंत्र आणि मास्कचं इलॅस्टिक. घाईत मास्क ओढला की यंत्र उडून गटारीत, आणि मग हजारोंचा खर्च. यंत्रमागात बोटं गेलेल्या कामगाराने नाड्यांचा मास्क मागे कसा बांधायचा? ज्याला हात उचलताच येत नाहीत, त्याला दुसऱ्याने मास्क लावला तर गुदमरल्यावर काढणार कोण? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, की ज्याला स्वतःहून मास्क काढता येत नाही त्याला तो लावू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनेही ऑगस्ट २०२० मध्ये म्हटलं, की विकासात्मक अपंगत्व असलेल्या मुलांवर सक्ती नको, ज्याचं त्याचं बघून ठरवा. बघून ठरवणं म्हणजे पावतीपुस्तक मिटून माणसाकडे बघणं. त्याला वेळ लागतो आणि वसुली होत नाही. अंध माणसांसाठी तर दुकानांपुढे चुन्याने गोल आखलेलेच होते. आखीव, रेखीव, एकमेकांपासून नेमक्या अंतरावर. गोलात उभं राहत नाही म्हणून काठीवाल्यावर खेकसणारा दुकानदार मनाने वाईट नव्हता, नियम पाळणारा होता.

पावतीवरून आठवलं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता, तेव्हा डोक्यावर गांधी टोपी दिसली की शिपाई ती उतरवायचे. नव्वद वर्षांनी याच रस्त्यांवर तोंडावर काही दिसलं नाही म्हणून माणसं अडवली जात होती, आणि कायदा होता १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. आमच्या चेहऱ्यामोहऱ्यात सरकारांना पहिल्यापासून रस आहे.

सूट द्यायची असं कोणाच्या मनात आलंच असतं, तर काय झालं असतं तेही बघू. असा आदेश निघाला नाही, पण मसुदा मी मनातल्या मनात अनेकदा वाचला आहे:

"विषय : मुखपट्टीतून सूट मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून, अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्ज तीन प्रतींत, सक्षम प्राधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रतीसह सादर करावा. पडताळणीसाठी अर्जदाराने समक्ष उपस्थित राहावे. कार्यालयात मुखपट्टीशिवाय प्रवेश दिला जाणार नाही. ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांस ४० टक्के सूट अनुज्ञेय राहील. उर्वरित ६० टक्के चेहरा झाकणे बंधनकारक आहे. मंजूर सूट साथ संपल्याच्या दिनांकापासून अंमलात येईल."

हसू नका. प्रमाणपत्रांसाठीची तपासणी तर साथीमुळे कितीतरी काळ थंडावली होती. ज्याच्याकडे कागद नाही तो अपंग नाही, आणि कागद देणारी खिडकी बंद. ज्याच्याकडे कागद होता त्याच्या कागदावर टक्के होते. मास्क नको असं एकाही कागदावर नव्हतं, कारण कागद छापला तेव्हा मास्क फक्त ऑपरेशन थिएटरात असायचे.

इंग्लंडमध्ये काय केलं? २०२० च्या उन्हाळ्यात बसमध्ये, मग दुकानांत मास्क सक्तीचा केला आणि त्याच नियमांत लिहिलं, की ज्याला अपंगत्वामुळे लावता येत नाही त्याला सूट. ओठ वाचणाऱ्याशी बोलणाऱ्यालाही सूट. डॉक्टरचा दाखला नको, तोंडी सांगितलं तरी चालेल. न दिसणारं अपंगत्व असणारे कितीतरीजण सूर्यफुलांची हिरवी पट्टी गळ्यात घालून फिरत. तिकडेही लोकांनी त्यांना हटकलं, डोळे वटारले, हे खरं. पण नियम त्यांच्या बाजूने उभा होता.

"आपल्याकडे असं चालायचं नाही," असं लगेच म्हणाल. मान्य. दुसऱ्या दिवशी नवी पेठेत सूर्यफुलाची पट्टी वीस रुपयांना मिळाली असती, तीन घेतल्या तर पन्नास. अमेरिकेत धडधाकट माणसांनी मास्क टाळायला सरकारी शिक्क्यांची खोटी ओळखपत्रं फिरवली आणि तिथल्या न्याय खात्याला लोकांना सावध करावं लागलं. आपल्याकडे तर बदल्यांच्या हंगामात शिक्षकांमध्ये बहिरेपणाची साथ येते आणि सोयीची शाळा मिळाली की ती ओसरते. पण लबाड माणसाला सूर्यफूल कशाला हवं होतं? त्याची सूट नाकाखाली आधीच लटकत होती. लबाडांच्या भीतीने दार लावलं, आणि लबाड खिडकीतून आत येऊन बसलेले. दाराबाहेर राहिले ते पट्टी विकत न घेणारे.

राज्यातली मास्कसक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठली. दिव्यांगांना सूट मिळाली ती त्या दिवशी, सगळ्यांबरोबर. त्यांच्यासाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग राज्य सरकारने त्यानंतर आठ महिन्यांनी, ३ डिसेंबर २०२२ ला सुरू केला.