प्रोव्हिजनल वकीलसाहेब

आमच्या गल्लीतले वकीलसाहेब वकील झाले ते एलएलबीला प्रवेश घेतला त्याच दिवशी. सकाळी कॉलेजात फी भरली आणि संध्याकाळी मोटारसायकलच्या हेडलाइटवर पांढऱ्या बँडचं स्टिकर चिकटलं. पुढच्या लग्नसराईत पत्रिकेवर नावाआधी ‘ॲड.’ लागलं आणि निम्म्या भाऊबंदांनी त्यांच्याशी बांधाचा विषय काढणं बंद केलं.

खरं तर 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 24 फार काही मागत नाही. भारताचं नागरिकत्व, वयाची 21 वर्षं पूर्ण, मान्यताप्राप्त कायद्याची पदवी आणि ठरलेली फी. पैकी नागरिकत्व आणि वय साहेबांनी बिनविरोध मिळवलं. पदवीला उशीर झाला, कारण पेपर तपासणाऱ्यांना त्यांचा युक्तिवाद झेपत नसे. फीपाशी मात्र गाडं अडलं. कायद्यात आकडा 750 चा आणि सनदेचा खर्च हजारांत. “ही वसुली बेकायदा आहे,” म्हणून साहेब घरी बसले. बरोबरीच्या पोरांनी पैसे भरले, मुंबईला फोर्टात खेपा घातल्या आणि सनदा आणल्या. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कायद्यातल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. मात्र आधी घेतलेले पैसे परत करायची गरज नाही. यातला दुसरा भाग साहेबांनी एकेका मित्राच्या घरी जाऊन वाचून दाखवला.

मधल्या काळात वडील नोकरीचं सुचवायचे. पतसंस्थेत जागा होती. साहेब बार कौन्सिलचा नियम 49 पुढे करायचे: पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही.

“अरे, पण तुझ्याकडे सनद कुठाय?”

“म्हणून काय आत्तापासूनच नियम मोडू, अण्णा?”

अण्णांनी विषय सोडला. डॉक्टर मावसभाऊ एकदा म्हणाला, दवाखाना सांभाळून मीही सनद काढतो. त्याला साहेबांनी जेवणाच्या ताटावरच 1996 चा निकाल ऐकवला. प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरला महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने सनद नाकारली आणि सुप्रीम कोर्टाने तो नकार योग्य ठरवला, तो निकाल. दुसऱ्याला लागू होणारा कायदा या माणसाला तोंडपाठ असतो, हे मला मान्य करावंच लागेल.

शेवटी सनद आली, पण प्रोव्हिजनल. दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हा, नाहीतर कोट खुंटीला टांगा. परीक्षा म्हणजे 100 प्रश्न, तीन तास, चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा. चुकलं तरी गुण कापत नाहीत. 45 टक्के पुरतात, एससी-एसटीला 40. मराठीतून देता येते, कितीही वेळा बसता येतं. इतकी मायाळू परीक्षा शोधून सापडायची नाही. साहेबांनी तिला घटनाबाह्य ठरवून टाकलं. 2011 पासून चाललेल्या या परीक्षेला घटनापीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये वैध म्हटलंय, तर त्या निकालपत्राच्या पानापानावर साहेबांनी पेन्सिलने ‘असहमत’ लिहिलं. एवढ्या वाचनात परीक्षा दोनदा निघाली असती.

त्यातच ज्या जुलैने फी उतरवली, त्याच जुलैने कलमं पळवली. 1 तारखेपासून भारतीय न्याय संहिता आली आणि साहेबांची आयुष्यभराची कमाई, म्हणजे चारशेवीस, गेली. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पातळ लागला की ते अजून गरजतात, “चारशेवीस लावीन!” चहावाला कपबशा विसळता विसळता मान वर न करता सांगतो, “तीनशेअठरा, साहेब.” त्याच्याकडे दिवसभर ज्युनिअर वकील बसतात, त्यामुळे त्याचा अभ्यास चालू असतो.

परीक्षेला बेअर ॲक्ट नेता येतो, फक्त त्यात टिपणं नकोत. साहेबांच्या प्रतीत छापील मजकूर शोधावा लागतो. समास सगळे संसदेला दिलेल्या सूचनांनी भरलेले. पर्यवेक्षिकाबाईंनी दोन पानं चाळली आणि पुस्तक बाहेर ठेवायला सांगितलं.

“मॅडम, या नोट्स नाहीत. हरकती आहेत.”

पुस्तक बाहेर राहिलं. साहेब आत तीन तास बसले आणि बाहेर येऊन त्यांनी निम्मे प्रश्नच सदोष असल्याचा निर्वाळा दिला. उत्तरतालिका लागली, तसे ते हरकती लिहायला बसले.

परवा शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. “काय रे, पास झालास का?”

“काकू, त्यावर आत्ता बोलता येणार नाही. मॅटर सब-ज्युडिस आहे.”

काकूंनी गंभीरपणे मान हलवली. मग आवाज खाली आणून, वरच्या भाडेकरूला खोली सोडायची नोटीस काढून देशील का, असं विचारलं. साहेबांनी तिथेच पायरीवर बसून भाडेकरूचं नाव लिहून घेतलं.

“फीचं काय?” काकू म्हणाल्या.

“छे, काकू! 750 च्या वर मी घेतच नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तसा.”