कानात बिल्ला, हातात बिल

पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याच्या अलीकडे-पलीकडे रेड्यांशी जपून वागावं. तिथून जवळच आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा, अशी श्रद्धा आहे. अशा भूमीत एखादा रेडा तिन्हीसांजेला रस्त्याच्या मधोमध चिंतनात उभा असेल, तर त्याच्यावर हॉर्न वाजवणं बरं दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो वाजवला. रेडा काहीच बोलला नाही. जे बोलायचं ते गाडीचा बंपर बोलला.

रेडा उठला, अंग झाडलं आणि उसात निघून गेला. सेक्रेटरी रस्त्यावर उभे. मेव्हण्यांनी फोनवरून धीर दिला, ‘‘दाजी, नुसता बंपरच गेलाय ना? हळूहळू घेऊन या, पुण्यात बघू.’’

गाडी सुरूच झाली नाही, हे दाजींचं भाग्य. बाहेरून दिसणारा बंपर म्हणजे प्लास्टिकचा मुखवटा. त्याच्यामागे एक लोखंडी पट्टी, तिच्यामागे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर. दोन्ही ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचे. शिंग सोडा, रेड्याचा गुडघाही त्यांना पुरतो. रेडिएटर फुटला की कूलंट रस्त्यावर सांडतं आणि त्यानंतर ‘हळूहळू’ चालवलेली गाडी मंचरपर्यंत इंजिन भाजून काढते. मग विमा कंपनी सांगते की रेड्याने केलं ते रेड्याचं, त्यानंतर गाडी चालवून तुम्ही केलं ते तुमचं. हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. पॉलिसी डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. कप्पा दणक्याने अडकलेला असतो.

क्रेनने गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आली. तिथल्या सल्लागाराने (मेकॅनिक आता कुणी उरलेलं नाही, सगळे सल्लागारच) गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि ज्या वाक्याने मराठी माणसाच्या पोटात खड्डा पडतो ते वाक्य उच्चारलं, ‘‘सर, उघडल्यावर कळेल.’’

उघडल्यावर कळलं. हेडलाइटची काच शाबूत होती, पण तो जिथे बसतो ते प्लास्टिकचं लॉक तुटलं होतं. लॉक सुटं मिळत नाही, अख्खा हेडलाइट घ्यावा लागतो. पुढच्या लोगोमागे रडार निघालं. समोरच्या गाडीशी अंतर राखणारं. ते बदला, मग कॅलिब्रेशन करा, त्याचं वेगळं बिल. गाडीला रडार आहे हे सेक्रेटरींना एस्टिमेट वाचून समजलं. समोर रेडा आहे हे रडारलाही समजलं नसावं. फेंडर, बॉनेटचं लॉक, फॅनचं कव्हर, क्लिपा, पुन्हा क्लिपा. आकडा पाहून सेक्रेटरींनी खुर्ची मागितली.

नाक्यावरचा डेंटर म्हणाला असता, ‘‘काका, हीट गनने बंपर जोडतो, बॉनेट ठोकून काढतो, लांबी भरतो, रंग मारतो, परवा घेऊन जा.’’ आणि तसं झालंही असतं. पण विम्याची कॅशलेस सोय कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होती, आणि आमच्याकडे कॅशलेस या शब्दाचा अर्थ ‘फुकट’ असा घेण्याची पद्धत आहे.

मग घसाऱ्याचा अध्याय सुरू झाला. प्लास्टिक आणि रबरावर सरसकट ५० टक्के घसारा. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे; चौथ्या वर्षात चालू असलेल्या गाडीला २५ टक्के. काचेवर शून्य. म्हणजे रेडा जरा उंच उडून समोरच्या काचेवर पडला असता तर फायद्यात गेलं असतं. रंगकामाच्या बिलातले २५ टक्के साहित्याचे धरायचे आणि त्यावर पुन्हा ५० टक्के. वर सक्तीची वजावट. यातला घसारा टाळणारं ‘झिरो डेप’ कवच सेक्रेटरींनी पैसे वाचवायला काढून टाकलं होतं. तीन वर्षं दावा न करता साठवलेला ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस या एका रेड्यापायी शून्यावर आला.

विम्याचे सर्व्हेअरसाहेब कर्तव्यदक्ष होते. त्यांनी तुटलेली प्रत्येक क्लिप मोजली, बंपरवरचा जुना ओरखडा ओळखला (‘‘हा रेड्याचा नाही’’) आणि तो बिलातून वगळला. चालकाचा परवाना पाहिला, वेग विचारला. फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘अन्य पक्षाचे नाव व पत्ता’. सेक्रेटरी त्यात ‘ऊस’ असं लिहिणार होते.

पण त्या अन्य पक्षाची ओळख तर पटवता आली असती! आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा अंकी क्रमांक. आपल्या आधारलाही बाराच अंक आहेत. त्या क्रमांकाखाली मालक, गाव, लसी, सगळं सरकारदरबारी नोंदलेलं असतं. थोडक्यात, धडकेच्या क्षणी रस्त्यावर दोन नागरिक होते आणि दोघांचीही कागदपत्रं पूर्ण होती. तपासली गेली ती एकाचीच.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. रेडा उठून गेला तर तो बेवारस. उठला नाही तर दहा मिनिटांत मालक, मालकाचे बंधू आणि गावातले तीन तज्ज्ञ हजर होतात. ते जनावर दिवसाला बारा लिटर दूध देत होतं असं निष्पन्न होतं. रेडा असला तरी. खरं तर थर्ड पार्टी विम्यात परक्याच्या मालमत्तेची साडेसात लाखांपर्यंत भरपाई आहे आणि म्हैस ही मालमत्ताच. पण त्यासाठी न्यायाधिकरणात जावं लागतं आणि तिथे कुणी बिल्ला वाचेल, पुरावा मागेल. त्यापेक्षा झाडाखाली रोख बरी.

रेल्वेचंही वेगळं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच अहमदाबादजवळ तिने म्हशींच्या कळपाला धडक दिली. नाक उडालं. रातोरात नवं नाक बसलं, दुसऱ्या दिवशी गाडी धावली आणि आणंदजवळ एक गाय भेटली. रेल्वे सुरक्षा दलाने गुन्हा दाखल केला तो म्हशींच्या अज्ञात मालकांवर. मालक अज्ञात असले तरी रेल्वेला नवं नाक एका रात्रीत मिळालं. आमच्या सेक्रेटरींचा बंपर मात्र ‘कंपनीतून निघालाय’ या अवस्थेत तीन आठवडे आहे.

कायद्याची उणीव आहे असं कुणी म्हणू नये. मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालण्याचा कायदा १८७१ चा आहे. जनावर निष्काळजीपणे सोडणाऱ्याला नव्या न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची गुरं हटवा, गस्ती पथकं नेमा, असा आदेश दिला. आदेश महामार्ग प्राधिकरणापर्यंत पोचला असणार. रेड्यापर्यंत पोचल्याची खूण रस्त्यावर दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, असं काही घडलंच तर आधी इंजिन बंद करा आणि पुन्हा चालू करू नका, मेव्हणे काहीही म्हणोत. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन करा. आणि बंपरचे फोटो काढायच्या आधी, रेडा उसात शिरायच्या आत, त्याच्या कानाचा एक फोटो घ्या. बारा अंक स्पष्ट आले पाहिजेत.