फोटोग्राफर कुठे उभा होता?

14 ऑक्टोबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनाची सभा झाली. तिचा ड्रोनवरून काढलेला फोटो महाराष्ट्रात बहुतेकांच्या मोबाइलवर पोहोचला, आणि पोहोचताक्षणी निकालही लागला. आंदोलनाच्या बाजूच्याने लिहिलं, 'याला म्हणतात फोटो!' विरोधातल्याने लिहिलं, 'एडिट केलाय.' फोटो दोघांनीही पाहिला नव्हता. दोघांनी गर्दी पाहिली, तिच्याबद्दल मनात आधीपासून जे होतं ते खाली लिहिलं आणि पुढे पाठवून दिलं.

फोटोला मार्क देण्याची आपली रीत ही अशी आहे. विषय आवडला की फोटो चांगला, माणूस नावडता असला की फोटो खोटा, आणि मित्राने काढलेला असला की 'भावा, एक नंबर!' यात न्याय कुठेच नाही. ज्याने फोटो काढला त्याच्या पदरातही काही पडत नाही.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, वडीगोद्रीजवळचं अंतरवाली सराटी हे गाव त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मराठवाड्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. 29 ऑगस्टला मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, 14 सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि उपोषण सुटलं, महिन्याभराने ती प्रचंड सभा झाली, आणि 20 जानेवारी 2024 ला इथूनच मोर्चा मुंबईकडे निघाला. अशा वेळी फोटो काढायला वृत्तपत्रांचे छायाचित्रकार येतातच. त्यांच्या खांद्याला खांदा लावून लग्नाचे अल्बम करणारे तालुक्याचे स्टुडिओवाले असतात, आणि नुसता मोबाइल घेऊन उभी असलेली गावातली पोरं असतात. मला काळजी या पोरांची आहे. त्यांच्यातल्या एखाद्याला खरोखर नजर असते. त्याला अंगठे हजारांनी मिळतात, पण दोन पावलं डावीकडे सरक असं सांगणारा भेटत नाही.

1 सप्टेंबरचे फोटो घ्या. काहींत काठ्या आहेत, पळणारी माणसं आहेत, रक्ताळलेले कपडे आहेत. काहींत दगड आहेत आणि जखमी पोलीस आहेत. त्या दिवशी गावकरीही जखमी झाले आणि पोलीसही. म्हणजे दोन्ही प्रकारचे फोटो खरे असू शकतात. आपण मात्र आपल्या सोयीने एकाला पुरावा म्हणतो आणि दुसऱ्याला बनाव. परीक्षकाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की फोटोग्राफर कुठे उभा होता. मंडपात असलेल्याला काठी अंगावर येताना दिसते, पोलिसांच्या रांगेमागे असलेल्याला दगड येताना दिसतो. दोघांपैकी कुणीही लबाडी केलेली नाही. पण किती वाजता, कुठून, त्याआधी काय घडलं होतं, हे फोटोखाली लिहिलेलं नसेल तर फोटो अर्धाच आपल्या हाती आला. मार्क तिथे कापा. बाजू बघून कापू नका.

याच फोटोंत आणखी एक गोष्ट सलते. डोकं फुटलेल्या माणसाचा, रडणाऱ्या बाईचा चेहरा राज्यभर फिरतो. तिला कुणी विचारलं होतं का? बातमीसाठी तो चेहरा लागतो, हे मला मान्य आहे. लाठीमार झाला हे जगाला दाखवायचं तर जखम दिसलीच पाहिजे. पण तोच फोटो पुढे स्पर्धेत येतो, 'वेदना' असं शीर्षक लावून, खाली फोटोग्राफरचं नाव मोठ्या अक्षरात आणि बाईचं गावही नाही. असा फोटो कितीही ताकदीचा असला तरी तिची परवानगी घेतली होती का, हे विचारल्याशिवाय त्याला बक्षीस देऊ नये. उपोषणाच्या मंचावरचा नेता सार्वजनिक जीवनात आहे, सलाइन लावलेला त्याचा फोटो निघणार हे त्यालाही माहीत असतं. मंडपात बसलेली बाई तसं काही कबूल करून आलेली नसते.

आता गर्दीकडे येऊ, कारण भांडण तिथेच सगळ्यात मोठं असतं. फोटो बघून कुणी लाख म्हणतो, कुणी कोटी. अमेरिकेत बर्कलीला पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी 1960 च्या दशकात यावर साधा उपाय काढला. जागेचे चौकोन पाडायचे, एका चौकोनात माणसं किती दाट आहेत ते बघायचं आणि गुणाकार करायचा. सैल गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि श्वास घ्यायला जागा नसेल तर अडीच. एकरात 43,560 चौरस फूट असतात. म्हणजे एका एकरात सैल उभी राहिली तर साधारण 4,350 माणसं, दाट असतील तर 9,700 च्या आसपास. शंभर एकरांचं मैदान काठोकाठ भरलं असं धरलं, तर साधारण 4 लाख 35 हजारांपासून 9 लाख 70 हजारांपर्यंत. आणि कुठलंच मैदान सगळीकडे सारखं दाट नसतं. मंचापुढे माणशी अडीच चौरस फूट असेल, तर मागे कडेला लोक बसून भाकरी खात असतात.

हा हिशेब कुणाचं आंदोलन लहान करण्यासाठी मांडलेला नाही. चार लाख माणसं एका खेड्यात जमणं हीसुद्धा थक्क करणारी गोष्ट आहे, तिला वर शून्यं जोडण्याची गरज नाही. सांगायचं ते इतकंच की फोटो आकडा सांगत नाही, जागा दाखवतो. लांबून टेलिफोटो लेन्सने काढलं तर मधली मोकळी जागा चेपून माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. त्याच वेळी बाजूच्या कोपऱ्यातून वाइड लेन्सने काढलं तर पुढची मोकळी जागा अंगावर येते. दोन्ही फोटो त्याच मिनिटाचे असू शकतात. ज्याला लेन्सचा हा गुण माहीत नाही त्याने 'एडिट केलाय' हा शब्द तोंडातून काढू नये. तो एका कष्टाळू माणसावर केलेला चोरीचा आरोप आहे.

ड्रोनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ड्रोनचा फोटो विस्तार दाखवतो, आणि ते त्याचं काम तो चोख करतो. उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेल्या वारीचं पुस्तक आहे, 'पाहावा विठ्ठल'. त्यात माणसांच्या ओळींचा जो आकार दिसतो तो जमिनीवरून कधीच दिसला नसता. पण संदेश भंडारे यांनी वारकऱ्यांबरोबर चालून काढलेले फोटो पाहा. तिथे पायांच्या भेगा आहेत, डोळे आहेत, थट्टा आहे. हल्ली परीक्षकाच्या टेबलावर ड्रोनचा फोटो आला की तो आधीच वरच्या ढिगात जातो. उंची ही यंत्राची असते. फोटोग्राफरने ती कशासाठी वापरली, हे बघून मार्क द्या. अंतरवालीच्या सभेचं मोठेपण वरून कळतं. माणसं तिथे का आली होती, हे भाषण ऐकणाऱ्या एका चेहऱ्यावरून कळतं, आणि तसे फोटो स्पर्धेत मागे पडतात.

तांत्रिक सफाईचंही तेच. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकात सेबॅस्टियन डिसूझा यांनी दहशतवादी कसाबचे फोटो काढले, ते स्थानकातल्या आहे त्या उजेडात आणि जीव धोक्यात घालून. एखादा काटेकोर परीक्षक त्या फोटोंत प्रकाश कमी असल्याची तक्रार करू शकला असता. न्यायालयाने मात्र ते पुराव्यात घेतले. कुठल्या परिस्थितीत काढलेल्या फोटोकडून काय मागायचं, हे आधी ठरवावं लागतं. स्टुडिओतल्या बाळाच्या फोटोचा निकष अश्रुधुरात लावायचा नसतो.

पण एका गोष्टीत सूट नको, ती म्हणजे खरेपणा. 2014 मध्ये असोसिएटेड प्रेसने नार्सिसो कॉन्ट्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा कॅमेरा आला होता, तो त्यांनी पुसला. तेवढंच. माणूस पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतला होता. आपल्या सभांच्या प्रत्येक फोटोत कुणाचा तरी मोबाइल नाहीतर सेल्फी काठी घुसलेली असते, आणि ती पुसायला आता बोटाचा एक स्पर्श पुरतो. बातमीचा फोटो म्हणून पाठवणार असाल तर पुसू नका. 2015 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या प्रवेशिकांपैकी सुमारे 20 टक्के फेरफारामुळे बाद झाल्या. त्याच वर्षी जोवानी त्रोइलो यांचं बक्षीस काढून घेतलं गेलं, कारण बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या त्यांच्या मालिकेतला एक फोटो प्रत्यक्षात ब्रुसेल्समधला होता. जागा खोटी सांगितली, बक्षीस गेलं. आपल्याकडे जुन्या सभेचा फोटो नव्या सभेचा म्हणून फिरवणाऱ्याला कुणी हटकतही नाही.

आणि डोळ्यांवर फार विसंबू नका. 2023 मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी सोनीच्या जागतिक स्पर्धेत एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं, मग त्यांनी स्वतःच बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स अस्ट्रे यांनी उलट केलं. फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात धाडला आणि त्यालाही बक्षीस मिळालं. दोन्हीकडे बसलेले परीक्षक जाणकार होते. म्हणून मूळ फाइल मागायची. तालुक्याच्या स्पर्धेतही मागायची.

19 ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, गावोगाव स्पर्धा निघतात. त्यातल्या 'ज्याला जास्त लाइक तो पहिला' या प्रकाराला माझा उघड विरोध आहे. ती नातेवाइकांची मोजदाद आहे. जिथे परीक्षक असतात तिथे तरी नावं झाकून फोटो दाखवा. परीक्षकांनी आपापले मार्क आधी कागदावर लिहावेत, चर्चा मग करावी, नाहीतर खोलीतला सगळ्यात मोठा आवाज निकाल लावतो. परीक्षकाचा विद्यार्थी किंवा भाचा स्पर्धेत असेल तर त्या फोटोपुरतं त्याने बाहेर जाऊन बसावं.

सल्ला देणाऱ्यांनी जरा कष्ट घ्यावेत. 'अप्रतिम' लिहिणं म्हणजे नाडी न बघताच 'बरं वाटेल' सांगणं. 'क्रॉप करा' यानेही काही होत नाही. काय कापायचं, कशासाठी? असं सांगा: 'मंडपात सावली आहे आणि बाहेर ऊन, म्हणून कॅमेऱ्याने पांढऱ्या टोप्या सांभाळल्या आणि चेहरे काळे पडले. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड ठरव, टोपी थोडी जळली तरी चालेल.' किंवा: 'माइकचा खांब त्या आजीच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, एक पाऊल सरकला असतास तर आजी मोकळी झाली असती.' किंवा: 'नेत्याचे असे फोटो शंभर जणांकडे आहेत, पण तुझ्या फ्रेमच्या उजव्या कडेला पोराला पाठुंगळी घेतलेली बाई आहे. तिच्याकडे वळायला हवं होतंस.' यातलं प्रत्येक वाक्य पुढच्या सभेत वापरता येतं. आणि चूक सांगण्याआधी जे जमलंय ते नेमकं सांगा. कौतुकही नेमकं असेल तरच शिकवतं. नाहीतर पोराला कळतच नाही की आपल्या हातून चांगलं काय झालं, आणि पुढच्या वेळी तो तेच टाकून देतो.

जालना जिल्ह्यात यंदा जो कुणी स्पर्धा भरवेल त्याच्याकडे माझी एक मागणी आहे. ट्रॉफी लहान करा, बॅनर एक कमी लावा, पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली वाचवा, आणि त्या पैशातून परीक्षकांना आणखी एक दिवस थांबवून घ्या. बक्षीस न मिळालेल्या प्रत्येक फोटोमागे त्यांनी सहीनिशी तीन ओळी लिहून द्याव्यात: काय जमलं, काय अडलं, पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं.