आडवी बाटली, उभा ऊस

आमच्याकडं बोर्डो म्हणजे मोरचूद अधिक चुना. बागेत डाऊनी रोग दिसला की ड्रम भरायचा, ब्लोअर जोडायचा आणि पानं निळसर होईस्तोवर फवारत राहायचं. त्यामुळं पुण्याच्या कंपनीतून पॅरिसला बदलून गेलेल्या भाच्यानं आमच्या ढोकी गावात फोन करून सांगितलं, "मामा, शनिवार-रविवार जोडून बोर्डोला जायलोय," तेव्हा मामांनी काळजीनं विचारलं, "किती टक्क्याचा?"

बोर्डो हे गाव आहे, त्याला गारोन नावाची नदी आहे आणि लोक तिथं पैसे देऊन द्राक्षाच्या बागा बघायला जातात, हे कळल्यावर हॉटेलातल्या बाकड्यावर थोडा वेळ शांतता पसरली. बाग बघायचे पैसे? इथं बाग दाखवायला व्यापाऱ्याला घरून चहा न्यावा लागतो. तरीही तो माल बघून जातो, भाव पाडून येतो आणि चेक देऊन पळून जातो.

भाचा मात्र खोटं बोलत नव्हता. आपलं औषध तिथलंच. मेदोक नावाच्या भागात रस्त्याकडेची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. शेतकऱ्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला, म्हणजे घड विषारी दिसावेत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या 1882 साली लक्षात आलं की रोगानं सगळी बाग गेली, पण कडेच्या वेली हिरव्या आहेत. 1885 मध्ये त्यानं मिश्रणाचा फॉर्म्युला जाहीर केला. चोराच्या भीतीतून जगाला बुरशीनाशक मिळालं. आमच्याकडं बांधावरच्या चोरीतून आजवर फक्त दिवाणी दावे निघालेत.

मग ठरलं, आपणही जायचं. ढोकी ते बोर्डो, दोन दिवस, घाईत. पहिला मुक्काम व्हिसाचा. व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट लागतं. खात्यावर काय आहे हे आम्हाला माहीत होतं, काय येणार आहे हेही माहीत होतं, कधी येणार हे मात्र ब्रह्मदेवालाही सांगता येईना. उसाचं बिल 14 दिवसांत द्यावं असा 1966 चा आदेश आहे. तो अर्जाला जोडावा, अशी सूचना एका निवृत्त गुरुजींनी केली. फ्रेंच लोक कागदावर विश्वास ठेवतात असं त्यांच्या ऐकिवात होतं. वर प्रत्येकाचा किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. तो आकडा ऐकून एकानं जागेवर विचारलं की आजारी पडायला आधी जायचं का, फिरायला नंतर?

विमा बाजूला ठेवून कार्यक्रम आखला. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळून पुढं जिरोंद होते. दोर्दोन्यच्या बाजूला सेंत-एमिलिओं हे गाव, ज्याला 1999 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. तिथं दगडाच्या खाणी खोदून खोदून गावाखाली भुयारं झाली आणि भुयारांत वाईन. बाटल्या सगळ्या आडव्या. बूच ओलं राहावं, हवा आत जाऊ नये, हे कारण. आता हे दृश्य आमच्या बचतगटाच्या बाया बघतील तर काय समजतील? आपल्याकडं दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. त्यांना वाटेल, वा, या गावात आडवी बाटली बहुमतानं निवडून आलीय आणि विजयी उमेदवारांना तळघरात नीट रचून ठेवलंय.

वाईनबद्दल आपल्या राज्याचं धोरण तरी कुठं आडवं-उभं ठरलंय? 2001 साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क केले, म्हणजे वाईन शेतकऱ्याची. जानेवारी 2022 मध्ये हजार चौरस फुटांवरच्या किराणा दुकानात ती ठेवायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली, तर वाईन ही दारू नव्हेच असं सत्तेतले सांगू लागले आणि महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र झालं असं विरोधातले. दोघांचंही म्हणणं आम्ही मान डोलवत ऐकलं. निर्णय मागे पडला. ढोकीत तेव्हाही हजार चौरस फुटांचा किराणा कुठं होता, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण वादाला जागा कमी पडली असती.

बोर्डोवाले एक कला म्हणून वाईन हुंगतात. पेला फिरवायचा, नाक आत घालायचं आणि उताराची माती, ओक लाकूड, वर्ष, सगळं सांगायचं. या खात्यात आम्ही कमी नाही. तेरणा साखर कारखान्याचं गाळप चालू असताना ढोकीच्या रस्त्याला एसटीची खिडकी उघडली की झोपलेला माणूस डोळे न उघडता सांगायचा, मळी आली, उतरा. मधली काही वर्षं कारखाना बंद राहिला, देणी झाली, भाड्यानं द्यायची वेळ आली, आणि एवढ्या तयार नाकांना काम उरलं नाही. फ्रान्समध्ये अशा नाकाला पगार मिळतो.

गुरुजींचं मत होतं, एवढ्या लांब जायची गरजच नाही. तेर इथून हाकेवर. तेच ते तगर, ज्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथलं जाडंभरडं आणि तलम कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि यादीत वाईन आहे, त्यातही इटलीची असेल तर पसंती जास्त. आता कापड पोचवून गाड्या रिकाम्या परत आल्या असतील, हे मी तरी मानायला तयार नाही. एवढा सरळ गाडीवान मराठवाड्यात दोन हजार वर्षांपूर्वीही नसणार. म्हणजे इटलीशी आपला व्यवहार विनाव्हिसा चालत होता. तो पुन्हा जुळलाय तो माळशिरस तालुक्यात: मोटेवाडीला मोहिते-पाटलांनी इटालियन कुटुंबाच्या भागीदारीत फ्रातेली या वाईनची बाग लावलीय.

तेरचा शनिवार-रविवार खरोखर भरगच्च होईल. लामतुरे संग्रहालय, त्रिविक्रमाचं देऊळ, जे मुळात बौद्ध चैत्य असावं असं जाणकार म्हणतात, गोरोबाकाकांची समाधी, आणि तेरणा नदी. अडचण इतकीच की तिथं टेस्टिंग नाही. गोरोबाकाकांनी मडकं कच्चं की पक्कं हे थापटीनं तपासलं आणि तीच थापटी संतांच्या डोक्यावर चालवली, अशी कथा आहे. त्या परंपरेत चाखायला कोण पुढं येणार?

आता मला मनापासून खटकलेली गोष्ट. गारोनच्या काठी बोर्डो शहरात वाईनचं भलंमोठं संग्रहालय उघडलं, ते 2016 च्या जूनमध्ये. त्याच साली एप्रिलमध्ये मिरजहून पाण्याची रेल्वे आमच्या जिल्ह्यातून लातूरला गेली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. लोक फोटो काढायला उभे होते. उसाला तेव्हाही पाणी लागतच होतं आणि लावणाऱ्याला हेही ठाऊक होतं की खोडवा ठेवला तर विहीर बसते. पण उसाला भाव ठरलेला आहे, निदान कागदावर. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मध्ये गारपीट, आणि भाव कुणाच्या तरी फोनवर. पर्यटनाची माहितीपत्रकं यातलं काही छापत नाहीत. त्यांत बाग कायम पिकलेली आणि शेतकरी कायम हसरा.

म्हणून भाच्याला सांगितलं, तू तिथं गेलास की हॉटेलातल्या बाईला विचारू नको, शेतकऱ्याला विचार. त्यानं विचारलं. कळलं ते असं: लोक वाईन कमी प्यायला लागलेत, माल पडून राहतो. 2023 मध्ये फ्रेंच सरकारनं जादा वाईन मोडून तिचं सॅनिटायझर, अत्तरासाठी लागणारं शुद्ध अल्कोहोल करायला 20 कोटी युरोंपर्यंत पैसे जाहीर केले. आणि बोर्डोत वेली उपटून टाकणाऱ्याला हेक्टरी 6,000 युरो.

बाकड्यावर सगळे एकदम सरळ बसले. मोबाइलवर हिशेब झाला: एकरी दोन लाखांच्या वर. उपटायचे! म्हणजे लावायला नाही, वाढवायला नाही, नुसतं मुळासकट काढायला. ज्यानं आयुष्यात उसाखेरीज पीक घेतलं नाही तो पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, "ते बागा बघायचं ऱ्हाऊ द्या. अर्ज कुठं मिळतो, तेवढं इचारा."

गुरुजींनी कागद घेतला आणि वर लिहिलं: सातबारा, आठ अ, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो.