मुंबैकार इलो

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळ स्टेशनात उतरणारा चाकरमानी लांबूनच ओळखू येतो. पाठीला सॅक, हातात दादरच्या मिठाईची पिशवी, काखोटीला मखर, आणि चेहऱ्यावर दोन महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला तिकीट काढून दाखवल्याचा विजय. ज्यांना तिकीट मिळत नाही ते मुंबई-गोवा महामार्गाने येतात. त्या रस्त्याचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय. त्यामुळे या मंडळींच्या चेहऱ्यावर विजय नसतो, हात मात्र कमरेवर असतो.

याचा आजा गिरणगावात गेला, गावमंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपला नि गावाला मनिऑर्डरी धाडत राहिला. बापाची गिरणी 1982 च्या संपात गेली, मागोमाग परळही सुटलं. हा स्वतः राहतो नालासोपाऱ्याला. म्हणजे 2014 पासून पालघर जिल्ह्यात. तरी गावच्या खळ्यात पाऊल पडलं की 'आमच्या मुंबईत' सुरू! चुलतभावाला भूगोल ठाऊक आहे, पण मिठाईचा पुडा अजून सुटायचा असतो.

पाय धुऊन झाल्यावर पहिला प्रश्न, "रेंज खंय गावता?" परसातल्या फणसाखाली गावते. तिथे उभा राहून तो मुंबईतल्या मित्रांना ओरडून सांगतो, "काय शांतता आहे रे इथे!"

भावाने दिवसभर रान तुडवून गणपतीवर टांगायच्या माटवीसाठी कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळ आणलेले असतात. चाकरमानी कौतुकाने फोटो काढतो आणि मग त्या सगळ्याला लोहार चाळीतून आणलेल्या चिनी दिव्यांच्या माळा गुंडाळतो. मखर पूर्वी थर्माकोलचं असायचं, 2018 च्या बंदीपासून पुठ्ठ्याचं आणतो. माळांचं बटण दाबलं की वीज जाते.

"आमच्याकडे कध्धी जात नाय," तो म्हणतो.

"आणि पाणी?" वहिनी समईत तेल घालता घालता विचारते.

त्यावर तो मखर नीट बसलंय का ते बघायला लागतो.

दुसऱ्या दिवशी शेताची पाहणी. "एवढी जमीन पडीक कशाक ठेवलस?" भाऊ सांगतो, लावणीला माणसं गावत नाहीत, उरलंसुरलं डुक्कर नि माकडं खातात. चाकरमानी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो. माकडांनी तो पाहिलेला नसतो. मग तो उसासा सोडतो, "तुमचां बरां आसा बाबा! हवा चोख, भाजी परसातली. खर्च कसलो?"

"मगे, येऊन रव हंय," भाऊ म्हणतो. चाकरमानी मुलांच्या शाळेवर येतो.

पण गावचा माणूस काही कमी नाही बरं का. भाऊ एकदा मुंबईला जाऊन आला, त्यावर तो अजून बोलतो. भरदिवसा दारं बंद, शेजाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि नारळ विकत! वहिनीला नारळाचं तेवढं वाटलं नाही, पण कढीपत्तासुद्धा पैसे देऊन आणतात म्हटल्यावर तिने जावेला खरोखर दोन जुड्या बांधून दिल्या होत्या. 'खुराड्यातली माणसां' हा तिथल्या जगण्यावर भावाचा कायमचा शेरा. मात्र गणपतीपुढे गाऱ्हाणं घालताना तोच भाऊ आधी चाकरमान्यांना सुखरूप ने म्हणतो, आणि लगेच, "आमच्या झिलाक मुंबैक नोकरी लागांदे!" 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत चाकरमान्याचा आवाज जरा बारीक येतो, कारण तो झील कोणाच्या घरी उतरणार हे त्याला कळतं.

परतीच्या सॅकमध्ये आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ नि नारळ. वजन हमाल नको म्हणेल इतकं. रिटायर झाल्यावर गावीच राहणार, असं निघताना तो सगळ्यांना सांगतो. हे त्याचा बापही सांगायचा, पण तो परळहून हलला तो नालासोपाऱ्यालाच.

यंदा गाऱ्हाणं देवाने ऐकलं. भावाचा झील सध्या काकाच्या हॉलमध्ये झोपतो, आठ सतराची विरार लोकल पकडतो, आणि परवा आईला फोनवर म्हणाला, "गणपतीक येतलंय, पण तेवढो पंखो दुरुस्त करून ठेव."