रुमाल

स्वारगेटला सांगलीची एसटी माणसं चढायच्या आधीच भरते. रुमालांनी. खिडकीतून रुमाल पडतो, पिशवी पडते, एकदा तर एका पायातली चप्पल सीटवर विराजमान झालेली मी पाहिली आहे. परवाही मी आत शिरलो तो एका मळकट रुमालासमोर उभा. हातात पाव किलो द्राक्षं. "तासगावची गणेश आहेत दादा, नुसती साखर," असं म्हणत गाडीवरच्या मावशींनी दोन मणी चाखायलाही दिले होते.

गंमत म्हणजे त्या मण्यांतही कुणीतरी रुमालच टाकलेला होता.

तास-ए-गणेश हा थॉमसन सीडलेसमधून तासगावकडे निवडलेला वाण. द्राक्ष मूळचं काळंजांभळं. तो रंग चढवायचा हुकूम सोडणारं एक जनुक असतं. फार पूर्वी त्याच्या ऐन दारात दहा हजारांवर डीएनए-अक्षरांचा एक उपरा तुकडा येऊन बसला. नाव ग्रेट-१. दारातच पथारी पडल्यावर हुकूम सुटणार कसा? शेजारचं जोडजनुकही वेगळ्याच बिघाडाने मुकं झालं, नि द्राक्षं पांढरी पडली. (आपण हिरवी म्हणतो ती.) यातली ग्रेट-१ची भानगड जपानी संशोधकांनी २००४ साली उघड केली.

जागा बदलणारी अशी फिरस्ती जनुकं पहिल्यांदा ओळखली बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी, १९४०च्या दशकात, मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके न्याहाळून. बाईंना नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी. त्यांच्या मक्यातली जनुकं निदान एक जागा सोडून दुसरी धरत. ग्रेट-१ची जातकुळी त्याहून पक्की. ती उठतच नाही, आपली नक्कल काढून पुढच्या सीटवर बसवते. स्वतः खिडकीशी बसून अख्ख्या कुटुंबाची जागा धरणारे काका तुम्ही पाहिलेच असतील.

आपणही काही वेगळे नाही. माणसाच्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग असल्या विनातिकीट मंडळींनी नाहीतर त्यांच्या अवशेषांनी व्यापलाय. प्रथिनं घडवणारा, म्हणजे रीतसर तिकीट काढलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के. त्या विनातिकिटांतले बहुतेक केव्हाच गाढ झोपलेत. काहींना मात्र शरीराने कामाला जुंपलं. आईच्या पोटात वार तयार होताना पेशींना एकमेकींत मिसळवणारं प्रथिन एका जुन्या विषाणूच्या जनुकातून आलेलं आहे. म्हणजे घुसखोराचे आपण जन्माआधीपासूनचे मिंधे.

ग्रेट-१ आपण होऊन उठत नसला, तरी कधीकधी उचलला जातो. 'इटालिया' या पांढऱ्या द्राक्षातून 'रुबी ओकुयामा' हा लाल वाण निघाला, तो तसाच. उपरा निघून गेला, दारात त्याचं एक टोक तेवढं उरलं. रंग परतला.

गाडी कात्रजच्या बोगद्यात शिरली तरी रुमालाचा मालक आला नाही. कंडक्टरने तो चिमटीत धरून दोनदा विचारलं, "कुणाचा हो?" कुणीच बोललं नाही. त्याने तो परत सीटवर ठेवला आणि मला म्हणाला, "बसा की."

मी बसलो. पण साताऱ्यापर्यंत कडेकडेनेच.